शब्दवेध : लिबरल, कॉन्झर्व्हेटिव्ह

लॅटिनमध्ये ‘लिबर’ म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला, त्यावरून ‘लिबरल’. ‘कॉन्सर्व्हारे’ म्हणजे जतन करणे, त्यावरून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’. राजकारणात पहिला शब्द रुजला तो स्पेनमध्ये, १८१२ची काडिझची राज्यघटना घडवणाऱ्यांमुळे. दुसरा पुढे आणला फ्रेंच लेखक शातोब्रियां यांच्या १८१८च्या नियतकालिकाने.

एकोणिसाव्या शतकात लिबरल म्हणजे सरकारने हात आखडता ठेवावा, असे मानणारा. १९३०च्या दशकात अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तोच शब्द बेकारांना काम आणि वृद्धांना निवृत्तिवेतन देणाऱ्या सरकारसाठी वापरला. त्यांचे विरोधक हर्बर्ट हूव्हर खरे लिबरल आपणच, असे ठासून सांगत राहिले. आजच्या अमेरिकेत रूझवेल्ट यांचाच अर्थ टिकला आहे.

जतनाचेही तसेच. जंगले राखण्याच्या ‘कॉन्झर्व्हेशन’चे मूळ तेच. रिपब्लिकन अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तो ध्यास घेतला, १९७०मध्ये केंद्रीय पर्यावरण संस्था स्थापली तीही रिपब्लिकन निक्सन यांनी. तरी आज पर्यावरणरक्षणावर शिक्का बसतो लिबरलचा! कैद्यांच्या शिक्षेत सुधारणा करणारा २०१८चा ‘फर्स्ट स्टेप’ कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी झाला. तो कोणत्या खान्यात घालायचा?

माणसाची मते गर्भपात, करआकारणी, बंदुका, स्थलांतर अशा प्रत्येक प्रश्नावर वेगळी असू शकतात. म्हणून ‘तू कोण?’ याऐवजी ‘या विधेयकाबद्दल तुझे मत काय, आणि का?’ असे विचारावे. लोकशाहीतला संवाद तिथूनच सुरू होतो.