भोंगा, खराटा आणि रात्रीचे दोन

इतिहासाच्या प्राध्यापकाने कागद वाचावेत, दफ्तरे धुंडाळावीत, फार तर गॅझेटियर चाळावे, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी गेले वर्षभर लालबागपासून वरळीपर्यंत पायी फिरून आवाज जमवतो आहे हे कळल्यावर एका सहकाऱ्याने विचारले, "म्हणजे नेमके कसले संशोधन चालले आहे?" प्रश्न खवचट होता, पण रास्त होता.

कल्पना माझी नाही. न्यूयॉर्कमध्ये टोनी श्वार्ट्झ नावाचा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धानंतर ध्वनिमुद्रणाचे यंत्र खांद्याला अडकवून आपल्याच टपाल विभागाच्या हद्दीत हिंडत असे. १९५४ साली त्याची 'न्यूयॉर्क १९' ही तबकडी निघाली. १९ हा त्या टपाल विभागाचा क्रमांक. पुढे प्वेर्तो रिकोतून पोटासाठी त्या शहरात आलेल्या माणसांचे आवाजही त्याने टिपले. कॅनडात आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली व्हँकूवर शहराच्या आवाजांचा संच काढला. त्यांना यंत्र वाहून न्यावे लागे. माझे काम खिशातला मोबाईल करतो.

आपल्याकडे शहराच्या आवाजांवर लिहिले गेले नाही असे नाही. दिवाळी अंकांतून 'हरवलेले आवाज' या थाटाचे लेख पुष्कळ वाचले आहेत. त्यांत कल्हईवाला असतो, पिंजाऱ्याच्या धनुकलीची टणत्कार असते, पाट्याला टाकी लावणारी वडारीण असते, वासुदेव असतो आणि ओघाओघात पोतराजाचा कोरडाही असतो. लेखक माडीवर असतो, आवाज खालून येतो. मला या लेखांची चीड येत असे. आता येत नाही, पण एक गोष्ट मात्र खटकते. ज्या घशातून ती आरोळी निघत होती त्या घशाचे पुढे काय झाले, हे त्यात कधीच नसते. पोतराज स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढतो तेव्हा जो आवाज होतो तो माडीवरच्या मुलाला गंमतीचा वाटला असेल. मातंग वस्तीतल्या मुलाला तो आवाज म्हणजे बापाची पाठ होती. तो आवाज हरवला तर आपण गहिवरून का जावे?

म्हणून आवाजाचा इतिहास लिहायचा तर आधी विचारले पाहिजे की कोणाला आवाज करण्याची सक्ती होती आणि कोणाला मनाई.

माझे पणजोबा गावात येसकर होते. येसकराच्या हातात घुंगराची काठी असे. संध्याकाळी ती आपटत दारोदार जायचे आणि भाकरीसाठी साद घालायची. घुंगरू वाजले की घरातल्याला कळे, महार आला. सोवळ्यातले भांडे आत जाई आणि शिळा तुकडा बाहेर येई. म्हणजे तो आवाज एकाच वेळी चाकरीची हाक होता आणि विटाळाची सूचनाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेले ढोर ओढणे आणि शिळे तुकडे मागणे सोडा असे सांगितले, तेव्हा ते आपल्या लोकांना एका आवाजातूनही मोकळे करत होते, असे मला आता वाटते. कायद्याने हे वतन गेले ते १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन अधिनियमाने. आमच्या घरातली काठी त्याच्या पुष्कळ आधी चुलीत गेली होती. ती आजोबांनी घातली आणि मुंबईची वाट धरली.

मुंबईत त्यांना दुसऱ्या आवाजाने बोलावले. तो भोंगा. १८५४ साली कावसजी दावर यांनी पहिली कापड गिरणी काढली आणि १८५६ साली ती चालू झाली. त्यानंतर सव्वाशे वर्षे या भागाचा दिवस भोंग्याने उजाडत होता आणि भोंग्याने मावळत होता. आजोबा सांगत, भोंगा कोणाचे नाव घेत नाही, आडनाव विचारत नाही. मराठ्यालाही तोच, आपल्यालाही तोच. गावात नाव टाकून हाक मारली जाणाऱ्या माणसाला हे केवढे वाटले असेल!

पण हे खरे होते ते गेटपर्यंतच. आत गेल्यावर खाती होती. कापडखात्यात, म्हणजे साच्यांवर, पगार जास्त होता. तेथे अस्पृश्याला शिरकाव नव्हता. कारण वरकरणी अगदी साधे. कांडी संपली की नवी कांडी धोट्यात घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने ओढलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणजे बाटणार. तेव्हा आमची माणसे रिंग खात्यात. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी कापडखाते अस्पृश्यांना खुले झाले पाहिजे ही मागणी लावून धरली, आणि वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांना ती अडचणीची वाटली, हे आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांना नव्याने सांगायला नको. मला येथे एवढेच नोंदवायचे आहे की एकाच गिरणीत दोन आवाज होते. साच्यांचा खडखडाट आणि रिंग खात्यातल्या चात्यांची अखंड घरघर. कोणाचे कान कोणत्या आवाजाने बधिर व्हायचे, हेसुद्धा जातीने ठरवले होते. कामगार चळवळीच्या साहित्यात गिरणीचा 'खडखडाट' फार येतो. ती घरघर शोधावी लागते.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. भोंगे बंद झाले ते बहुतेक ठिकाणी कायमचेच. आज लोअर परळला उभे राहून मी जे टिपले त्यात गाड्यांचे हॉर्न आहेत, वातानुकूलन यंत्रांचा घोंघाट आहे, बांधकामाची खडखड आहे. बीडीडीच्या चाळी पाडल्या जात आहेत, तेथलाही तासभर आवाज माझ्याकडे आहे. दादरला तर एका गिरणीच्याच जमिनीवर बाबासाहेबांच्या स्मारकाचे २०१५ साली भूमिपूजन झाले. ती जागा मिळावी म्हणून कार्यकर्त्यांना २०११ च्या ६ डिसेंबरला आत घुसून बसावे लागले होते.

शांततेचीही नोंद केली पाहिजे. रामजी सकपाळ मुलांना घेऊन परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत. भीमरावांनी लवकर झोपावे, वडिलांनी जागत बसावे आणि रात्री दोन वाजता त्यांना अभ्यासाला उठवावे, असा क्रम होता, हे चरित्रांतून आपण वाचतो आणि कष्टाचे उदाहरण म्हणून वर्गात सांगतो. मीही सांगत होतो. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनला परळमध्ये चालताना मला त्याचा दुसरा अर्थ लागला. चाळीत शांतता फक्त तेव्हाच मिळते. बंगल्यातल्या मुलाला ती दिवसभर फुकट असते. आमच्याकडे ती झोप मोडून घ्यावी लागते. मी स्वतः बी. ए. झालो तो दहा बाय बाराच्या खोलीत, सहा माणसे, शेजारचा रेडिओ आणि नळाची भांडणे यांच्यामधून वाट काढत. आजही कायद्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझ्या मोबाईलवर त्या चाळीत ती मर्यादा पाळली जाते ती पहाटे दोन ते चार.

चारनंतर खराटा सुरू होतो. डांबरावर खराटा ओढल्याचा आवाज मी सात रस्त्यांवर टिपला आहे. एका सफाई कामगार बाईंनी हटकले, "काय करता सर?" मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मग उन्हाळ्यात या. आता पाला ओला आहे, वाजत नाही." असा बारकावा माझ्या एकाही ग्रंथात नव्हता. मी मे महिन्यात पुन्हा गेलो. त्यांचे म्हणणे बरोबर होते. कोरड्या पाल्याला खराटा लागला की दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येते, आणि तरीही त्या घरांत कोणी जागे होत नाही. सवयीचा आवाज माणसे ऐकत नाहीत.

भोंगा मात्र मला कोठे मिळेना. शेवटी वडिलांनाच विचारले. ते बदली कामगार होते, संपात घरी बसले ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. सुरुवातीला लाजले. मग म्हणाले, "सगळ्यांचा एकसारखा नव्हता रे. झोपेतसुद्धा कळायचं आपला कुठला." हाताची ओंजळ तोंडाशी धरून त्यांनी एका गिरणीचा भोंगा काढून दाखवला, जाड आणि लांबलेला. दुसरा बारीक, मध्येच चिरणारा. तिसऱ्याला आई आतून म्हणाली, "हा पहिल्या पाळीचा." चौथा काढताना त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मुद्रण एकूण एक मिनिट चाळीस सेकंदांचे आहे. खोकला मी कापलेला नाही.