गव्हाच्या काडीचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. आज मात्र गव्हाच्या काडीचा इतिहास ऐका. तोही तुमच्या ताटापर्यंत येऊन पोचलेला आहे.

आपला धाराशिव जिल्हा मुळात शाळूचा. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ साली मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. राज्ये बदलली, पण रब्बीचा मान ज्वारीकडेच राहिला. गहू असे तो काळ्या रानाच्या ओलीवर, नाहीतर विहिरीच्या पाटाखाली थोडाथोडका. शेवयांना बन्सी, खिरीला खपली. या जुन्या गव्हांची काडी उंच आणि नाजूक असे. जमिनीत नत्र बेताचे होते, तोवर त्या काडीचे काही बिघडत नव्हते.

नत्र बेताचे का होते? १८८९ साली जॉन ऑगस्टस व्होएल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आपली शेती पाहायला आले. त्यांचा अहवाल १८९३ साली छापला गेला. आपल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याऐवजी त्यांनी मोठ्या मोकळेपणाने सांगितले, की सरपण मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते. गोवरी जळली की राखेत पालाश उरतो, स्फुरद उरतो. नत्र मात्र धुरावाटे निघून जातो. ही गोष्ट माझ्या मते आपल्या शेतीच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण आहे. बखरीत मात्र ते कुठेच सापडायचे नाही.

हवेत चार हिस्से नत्र असूनही पिकाला तो घेता येत नाही. १९०९ साली जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला. १९१३ साली त्याचा कारखाना निघाला. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ साली सुरू झाला आणि पांढरे खत खेड्यापाड्यांत येऊ लागले.

आणि इथेच घोटाळा झाला! खत घातले की गहू हिरवागार, फुटवे भरपूर. पण ओंबी भरायला लागली, वारा सुटला, की सारे पीक लोळले. लोळलेल्या पिकाचा दाणा सुरकुततो. म्हणजे खत होते, पण ते पेलणारी काडी नव्हती.

ती काडी जपानातून आली. ‘नोरिन १०’ नावाचा बुटका गहू दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गेला. तिथून त्याचा वंश मेक्सिकोत नॉर्मन बोरलॉग यांच्या हाती पडला. १९६३ साली बोरलॉग भारतात आले. डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे वाण इथे आजमावले, आणि १९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन बियाणे आले. दाणा लाल होता, म्हणून गृहिणींनी नाक मुरडले. मग ‘कल्याण सोना’, ‘सोनालिका’ असे पिवळसर दाण्याचे वाण निवडून काढावे लागले. ‘खताच्या गव्हाला चव नाही’ असे जुनी माणसे म्हणत. त्यात बराचसा दोष वाणाचा होता, तो खताच्या माथी बसला.

उलट नत्र हेच प्रथिनांचे मूळ. बारा टक्के प्रथिने असलेल्या एक क्विंटल गव्हात सुमारे दोन किलो नत्र असते. ते कमी पडले तर बन्सीच्या काचेसारख्या दाण्यावर पांढरे पिठूळ डाग पडतात आणि रवा नीट निघत नाही. मात्र सगळे नत्र पेरताना देऊन टाकले तर ते पाल्यात अधिक जाते. म्हणून बागायती गव्हाला अर्धे पेरणीच्या वेळी आणि अर्धे एकविसाव्या दिवसाच्या सुमारास, मुकुटमुळे फुटताना, पाण्याबरोबर द्यावे असे सांगतात. त्याची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्राची आहे.

आता दाटीचे पाहू. वेळेवरच्या बागायती पेरणीला हेक्टरी शंभर किलो बी. हजार दाण्यांचे वजन चाळीस ग्रॅम धरा, म्हणजे चौरस मीटरला अडीचशे दाणे पडतात. तिफणीच्या दोन ओळींत साडेबावीस सेंटिमीटर अंतर असेल, तर एक मीटर ओळीत छप्पन दाणे येतात. गुरुजी, हे गणित मुलांकडून बांधावरच करून घ्या. दाट पेरले तर ओंब्या वाढतात, पण ओंबीतले दाणे घटतात, काडी बारीक होते आणि बुटका वाणही लोळू शकतो. विरळ पेरले तर झाड फुटवे काढून जागा भरते; मात्र मागाहून आलेले फुटवे मागाहूनच पिकतात. उशिराच्या पेरणीला थंडी थोडी मिळते, फुटवे कमी येतात. तिथे बी सव्वाशे किलो, ओळी जवळ आणि नत्र कमी.

आपल्याकडे विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकेल याची हमी नसते. १९७२ साल ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको. १२० किलोचा आकडा पाच-सहा पाण्यांसाठी आहे. दोनच पाणी मिळणार असेल आणि तरी नत्र तेवढेच ओतले, तर पाला आधी माजतो, तोच जमिनीची ओल पिऊन टाकतो, आणि दाणा भरायच्या वेळी मुळाशी काही उरत नाही. अशा रानात नत्र कमी करावे आणि बी वाढवू नये. पहिले पाणी एकविसाव्या दिवसाच्या सुमारास द्यावे, दुसरे ओंबी फुलोऱ्यात येईपर्यंत राखून ठेवावे.