शिराविना सांगाडा

डायनोसॉरांच्या अस्थी भारतात फार लवकर हाती आल्या. १८२८ साली जबलपूरजवळ कॅप्टन स्लीमन यांना त्या सापडल्या, तेव्हा ‘डायनोसॉर’ हा शब्दही जन्मला नव्हता. तो १८४२ मधला. १८७७ मध्ये लिडेकर यांनी जबलपूरच्या अस्थींना ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढेही दीर्घकाळ अस्थी इथल्या आणि नाव देणारे बाहेरचे, असाच क्रम चालू राहिला.

तो पालटला कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत. आकड्यांना वाहिलेल्या संस्थेत जीवाश्मांचे काय काम, असे कोणालाही वाटावे. पण प्रशांतचंद्र महालनोबिस यांची जिज्ञासा असली कुंपणे जुमानणारी नव्हती. त्यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये तेथे आल्या आणि त्यांच्या हाताखाली तरुण भारतीय अभ्यासकांची एक तुकडी घडली. या तुकडीने प्राणहिता-गोदावरीचे खोरे पायांखाली घातले. सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्यांना नाव मिळाले, त्या खडकांतून माशांचे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. १९६१ च्या सुमारास याच थरांत पोचमपल्लीजवळ (भूदानामुळे नावाजलेली पोचमपल्ली निराळी) प्रचंड अस्थींचा साठा उघडा पडला.

सुमारे ३०० हाडे, निदान सहा प्राण्यांची. सोबत अश्मीभूत झालेले झाडांचे भले थोरले बुंधे. मांडीचे हाड जवळजवळ माणसाच्या उंचीएवढे. मात्र कवटी नाही. अशा प्राण्यांची कवटी नाजूक असते, मानेशी तिचे बंधनही सैल. प्रवाहात ती आधी निसटते. मागे राहिले चमच्याच्या आकाराचे मोजके दात. प्राण्याची ओळख सहसा कवटीवरून पटते; येथे ती मणके, कटिबंध आणि पाय यांवरून पटवायची होती. पाठीच्या मणक्यांत पोकळ्यांची नुकती सुरुवात दिसत होती. पुढच्या महाकाय वंशजांना स्वतःचा भार हलका करता आला तो याच मार्गाने. हा पूर्व ज्युरासिक काळातील प्राणी त्या वंशाच्या आरंभापाशी उभा होता.

हे निश्चित करण्यात तरुणपणाची उमेदीची वर्षे गेली. जैन, कुट्टी, रॉय चौधुरी आणि चटर्जी यांनी त्याचे नामकरण केले ते १९७५ मध्ये: ‘बारापासॉरस टागोरी’. बंगालीत ‘बडो पा’ म्हणजे मोठा पाय. ग्रीक प्रत्ययाला बंगाली बोलीतले शब्द इतक्या सहजपणे जोडले जावेत, हे एरवीच्या रुक्ष नामावळीत सुखद वाटते. जातिनामातले टागोर आले ते उत्खननाच्या वर्षामुळे. १९६१ हे रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. १९७७ मध्ये हा सांगाडा संस्थेच्या संग्रहालयात उभा राहिला.

त्याच कोटा थरांतून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यादगिरी यांनी १९८८ मध्ये ‘कोटासॉरस’ उजेडात आणला. तो हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात आहे. कवटी त्याचीही मिळालेली नाही.