जुन्या छायाचित्रांतील वाफेची इंजिने व सिग्नल : इतिहाससाधन म्हणून चिकित्सा

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात मूळ कागदपत्रांच्या चिकित्सेची परंपरा दृढ आहे. मोडी कागद हाती आला की अभ्यासक अक्षराचे वळण, कागदाची जात, शिक्का, मायना आणि कालगणना तपासतो. त्यानंतरच मजकुरावर भरवसा ठेवतो. छायाचित्राच्या बाबतीत ही दक्षता क्वचितच घेतली जाते. छायाचित्राखालील ओळ जशीच्या तशी स्वीकारली जाते आणि एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरते. वस्तुतः छायाचित्र हा एक पुरावा व त्याखालील ओळ हा दुसरा, बहुधा नंतरच्या काळातील, पुरावा होय. पहिल्याच्या आधारे दुसरा कसा तपासता येतो, हे रेल्वेच्या छायाचित्रांच्या संदर्भात दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

इंजिनाची ओळख

वाफेच्या इंजिनाच्या ओळखीचा सर्वांत विश्वसनीय आधार म्हणजे त्याची चाके. पुढील आधारचाके, दांड्यांनी जोडलेली चालक चाके आणि मागील आधारचाके अशा क्रमाने ती मोजतात. एका बाजूची चाके मोजून दुप्पट केली की इंजिनाचे सूत्र मिळते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी सुरू झाली. तत्पूर्वी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने इंग्लंडमधील व्हल्कन फाउंड्रीकडून जी आठ इंजिने आणविली, ती २-४-० प्रकारची होती. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयामुळे प्रसिद्धीस आलेले ‘फेअरी क्वीन’ हे इंजिन मात्र १८५५ साली लीड्स येथे ईस्ट इंडियन रेल्वेसाठी, म्हणजे बंगालकडील मार्गासाठी, बांधले गेले. ते २-२-२ प्रकारचे असून त्याला चालक चाकांची एकच जोडी आहे. अशा एकाच जोडीच्या इंजिनाच्या चित्राखाली ‘मुंबई-ठाणे पहिली गाडी’ असे लिहिलेले आढळल्यास ती ओळ चाके मोजूनच बाद ठरविता येते.

धुराडे, घुमट व बॉयलर यांवर तितका भर देता येत नाही. दुरुस्तीच्या वेळी बॉयलर बदलले जात, त्यामुळे एकाच इंजिनाचे बाह्यरूप वीस वर्षांत पालटू शकते. कारखान्याने काढलेल्या छायाचित्रांविषयीही सावध राहावे लागते. नवे इंजिन खास छायाचित्रासाठी करड्या रंगाने रंगविण्याची पद्धत होती. असे चित्र इंजिन कारखान्यातून बाहेर पडतानाचे रूप सांगते, भारतातील रुळांवरचे नव्हे.

सिग्नलची साक्ष

इंजिन आज येथे तर उद्या तेथे असते, सिग्नल मात्र जागा सोडत नाही. म्हणून स्थलनिश्चितीसाठी सिग्नल अधिक उपयुक्त ठरतो. हाताच्या सिग्नलचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या प्रकारात गाडीला वाट मिळाली की आडवा हात खाली झुकतो. नंतरच्या प्रकारात तो वर उचलला जातो. वर जाणारा हात तार तुटली तरी स्वतःच्या वजनाने आडवा, म्हणजे धोक्याच्या स्थितीत, येतो. हा त्याचा लाभ. ‘सिग्नल पडला’ म्हणजे आता गाडी निघणार, हा बोलीतील प्रयोग जुन्या प्रकाराशी नेमका जुळतो.

काचेच्या प्लेटवरून छापताना प्लेट उलटी लागली तर संपूर्ण दृश्य आरशातल्यासारखे उलटते. अशा चित्रावरून स्थानकाची रचना ठरविणे म्हणजे चुकीवर चूक रचणे होय. येथे सिग्नल निर्णायक ठरतो. भारतात गाड्या डावीकडून धावतात आणि येणाऱ्या चालकाला सिग्नलचा हात सामान्यतः खांबाच्या डाव्या बाजूस दिसतो. हाताची पुढील बाजू तांबडी व तीवर पांढरा पट्टा, तर मागील बाजू पांढरी व तीवर काळा पट्टा असतो. जुन्या प्लेटवर तांबडा रंग काळसर उमटे. म्हणून गडद हातावर फिका पट्टा असेल तर पुढील बाजू, फिक्या हातावर गडद पट्टा असेल तर मागील बाजू समजावी. पुढील बाजू दिसत असूनही हात उजवीकडे असेल, तर चित्र उलटे छापले गेल्याची शंका घ्यावी. फलकावरील किंवा इंजिनावरील अक्षरे उलटी दिसली तर शंकेची खात्री होते.

काळाच्या सीमा

छायाचित्रातील नवी वस्तू काळाची पूर्वसीमा निश्चित करते. जुनी वस्तू मात्र उत्तरसीमा क्वचितच ठरविते, कारण जुनी साधने वर्षानुवर्षे वापरात राहतात. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर विजेची गाडी धावली. त्या मार्गाच्या चित्रात वरून विजेच्या तारा दिसत असतील तर ते त्यापूर्वीचे असू शकत नाही. व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या पट्ट्यात स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ साली आले. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली, म्हणून तिचे नाव असलेले टेंडर त्यानंतरचे. मात्र टेंडरवर जुन्या कंपनीचे नाव आहे एवढ्यावरून चित्र १९५१ पूर्वीचे ठरत नाही. रंग पुन्हा देण्यास विलंब होई.

या विवेचनाचे महत्त्व स्वातंत्र्यलढ्याच्या स्थानिक इतिहासात विशेष जाणवते. साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेने १९४३ साली शेणोलीजवळ रेल्वेतील पगाराची रक्कम हस्तगत केली. या प्रसंगाचे म्हणून एखाद्या स्मरणिकेत गोलाकार, टोकदार नाकाच्या डब्ल्यूपी इंजिनाचे चित्र दिले, तर ते दोन स्वतंत्र कारणांनी असंभव ठरते. एक, डब्ल्यूपी वर्गाची पहिली १६ इंजिने अमेरिकेतील बाल्डविन कारखान्यातून १९४७ साली आली. दोन, ते १६७६ मि.मी. रुंदीच्या ब्रॉडगेजचे इंजिन आहे, तर पुणे-मिरज मार्ग त्या काळी १००० मि.मी. रुंदीचा मीटरगेज होता. रूळ दिसत नसले तरीही हा फरक ओळखता येतो : ब्रॉडगेजच्या जुन्या गाड्यांना समोर डावीउजवीकडे दोन बफर असत, मीटरगेजला मध्यभागी एकच. ज्यांनी प्राण पणाला लावले त्यांच्या पराक्रमाला असंभव चित्र जोडल्याने त्याचे मोल वाढत नाही. उलट, चित्र खोटे ठरले की वाचक घटनेविषयीच साशंक होतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, छायाचित्राचे वाचन चाके, बफर, रूळ, सिग्नल, तारा व अक्षरे या क्रमाने करावे आणि खालील ओळ सर्वांत शेवटी विचारात घ्यावी. तारीख निश्चित होत नसेल तर ‘१९२८ नंतर’ असे लिहिणे हे खोट्या अचूकतेपेक्षा अधिक शास्त्रीय होय. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी छायाचित्रांची नोंद करताना मागील बाजूचा मजकूरही जतन करावा आणि प्रतिमेच्या कडा कापू नयेत. सिग्नल बहुधा कडेलाच असतो.

कडेलाच आणखी कोणीतरी उभे असते : सांधेवाला, फायरमन, केबिनमधील लिव्हर ओढणारा माणूस. खालील ओळीत साहेबाचे नाव असते, त्यांचे नसते. भारतात ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची वाहतूक १९९५ साली संपली. ही यंत्रे स्वतःच्या हातांनी चालविलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. इंजिनाचे सूत्र चित्रावरून पुढेही काढता येईल. माणसांची नावे व कामाची रीत मात्र त्यांनाच विचारावी लागेल, आणि ते काम आताच हाती घेतले पाहिजे.