चार मुखे आणि दोन स्त्रिया

चिनी लिपीत एका छपराखाली दोन स्त्रिया काढल्या की 'भांडण' असा अर्थ होतो, हे खरे काय? तळोजा परिसरातील शिक्षकांशी बोलताना आम्हांला हा प्रश्न विचारला गेला. सगळे हसले. पण ऐकीव गोष्ट तपासून पाहावी, हा आपला नियम. तेव्हा पाहू या.

शू शेन या चिनी विद्वानाने इ. स. १०० च्या सुमारास एक कोश तयार केला. इ. स. १२१ मध्ये तो सम्राटाला सादर झाला. त्यात ९,३५३ चिन्हांची फोड आहे. गलबला दाखवणारे एक चिन्ह त्यात आढळते : मधोमध डोके व भोवती चार मुखे! अनेक जण एकदम बोलू लागले की काय होते, याचे हे साधे निरीक्षण. यात कोणावरही ठपका नाही.

त्याच कोशात शेजारीशेजारी काढलेल्या दोन स्त्रियांचे चिन्हही आहे आणि त्याचा अर्थ 'तंटा' असाच दिला आहे. त्यावर छप्पर मात्र नाही. छपराखाली एक स्त्री असलेले चिन्ह 'शांतता' दाखवते व ते आजही नित्याच्या वापरात आहे. म्हणजे ऐकीव गोष्ट निम्मीच खरी.

मग स्त्रिया भांडखोर असतात, असे यावरून सिद्ध होते काय? मुळीच नाही. याचा उलगडा आपल्या मराठीतच होतो. 'कजाग' हा शब्द घ्या. त्याचे मूळ तुर्की 'कझाक' या शब्दात सांगतात. मुक्तपणे भटकणारा स्वार, असा त्याचा अर्थ. 'कझाकस्तान' या नावातही तोच शब्द आहे. फारसी-उर्दूत त्याचा अर्थ 'लुटारू' झाला. हे सारे घोड्यावरचे पुरुष! मराठीत मात्र तो 'भांडखोर' या अर्थाने रुळला आणि बहुधा स्त्रीलाच चिकटला. 'कजाग सासू' आपण सहज म्हणतो. 'कजाग सासरा' क्वचितच कानी पडतो.

स्वारांचा स्वभाव काही सासवांच्या अंगी आला नाही. बदलली ती शब्द वापरणाऱ्यांची नजर. चिनी चिन्हातही त्या काळच्या कोशकारांची व लेखनिकांची नजरच दिसते.

वर्गात एक प्रयोग करता येईल. विद्यार्थ्यांना भांडणासंबंधीचे शब्द लिहायला सांगावे व प्रत्येक शब्द घरात कोणाला उद्देशून वापरतात, हे समोर नोंदवून घ्यावे. तक्ता फळ्यावर मांडला की पुढची चर्चा मुलेच करतील.