पिकअपचे इंजिन फाउंडेशन घरी बदलताना

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमामुळे आणि निर्गुण पादुकांच्या मठामुळे गाणगापूर हे दत्तभक्तांचे तीर्थक्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. कलबुर्गी जिल्ह्याच्या अफझलपूर तालुक्यातील हा परिसर मुळात शेतीचा. तूर, ज्वारी, ऊस असा माल शेतातून बाजारापर्यंत पोहोचवण्यासाठी येथे पिकअप गाडी अत्यंत सोयीची ठरते. काळ्या मातीच्या शेतातून भरलेली गाडी पहिल्या गिअरमध्ये डांबरी रस्त्यावर चढवणे हे तिचे नित्याचे काम. या कामात ज्या सुट्या भागाची झीज होते, पण ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही, तो म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेले असते ते रबरी माउंटिंग. गॅरेजच्या बोलीत त्याला 'इंजिन फाउंडेशन' म्हणतात. हा भाग फार मोठा नाही. साधी अवजारे आणि संयम असल्यास तो घरीही बदलता येतो. मात्र त्यासाठी इंजिनाचे वजन काही काळ दुसऱ्या आधारावर पेलून धरावे लागते आणि कामाचा सारा धोका त्याच टप्प्यात असतो.

रबराचे कार्य

फाउंडेशन म्हणजे दोन लोखंडी पट्ट्यांच्या मध्ये घट्ट चिकटवलेला रबराचा ठोकळा. एक पट्टी इंजिनाच्या ब्रॅकेटला आणि दुसरी चासीला बोल्टने जोडलेली असते. पुढे इंजिन आणि मागे चालणारी चाके अशी रचना असलेल्या पिकअपमध्ये सामान्यतः इंजिनाच्या डाव्या-उजव्या बाजूंना एकेक आणि गिअरबॉक्सखाली एक असे तीन आधार असतात. चार सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत नुसते सुरू असले, तरी सेकंदाला सुमारे २७ धक्के बसतात. हे धक्के चासीपर्यंत पोहोचू न देणे हे रबराचे पहिले काम.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून मागच्या शाफ्टला ज्या जोराने फिरवतात, तेवढ्याच जोराने ती जोडी स्वतः उलट दिशेने कलू पाहते. पहिल्या गिअरमध्ये हा जोर अनेक पटींनी वाढलेला असतो. अशा वेळी सर्वसाधारण रचनेच्या इंजिनाची डावी, म्हणजे क्लीनरकडील बाजू वर उचलली जाते आणि उजवी खाली दाबली जाते. रबर दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला तितका सोसत नाही. त्यामुळे डावीकडील फाउंडेशन आधी फाटण्याचा संभव अधिक असतो.

इंजिन रबरावर टेकवण्याची पद्धत मोटारींच्या इतिहासात नवी नाही. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९३१ मध्ये प्लिमथ मोटारीत 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने अशी मांडणी आणली आणि फ्रान्सच्या सिट्रोएननेही ती परवान्याने स्वीकारली. त्याआधीच्या अनेक मोटारींत इंजिन थेट चासीला जखडलेले असे आणि त्याचा हादरा प्रवाशांच्या अंगाला जाणवे.

दुर्लक्ष महाग का पडते

फाटलेले फाउंडेशन म्हणजे केवळ खडखडाट, असा समज आहे. तो धोकादायक आहे, हे १९७१ च्या एका घटनेने दाखवून दिले. अमेरिकेत जनरल मोटर्सने त्या वर्षी १९६० च्या दशकातील सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यांत शेव्हरले मोटारींबरोबर हलके ट्रकही होते. फाउंडेशन तुटल्यावर इंजिन एका बाजूने उचलले जाई, त्याबरोबर अ‍ॅक्सिलरेटरची जोडणी खेचली जाई आणि गाडी आपोआप वेग घेई. इंजिन मर्यादेपलीकडे उचलले जाऊ नये म्हणून कंपनीने त्याला रोखणारी तार बसवून दिली.

आजच्या अनेक गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर इलेक्ट्रॉनिक असल्याने नेमका तोच प्रकार घडण्याची शक्यता कमी झाली आहे. परंतु जागेवरून हललेले इंजिन पंख्याची पाती रेडिएटरच्या आवरणावर घासू शकते, पाण्याचे होज पाइप ताणू शकते, वायरी तोडू शकते आणि सायलेन्सरचा सांधा उसवू शकते. गोव्यातून गाणगापूरला जाणाऱ्या भाविकांना चोर्ला किंवा अनमोडचा घाट चढून बेळगाव गाठावे लागते. घाटात खालच्या गिअरमध्ये दीर्घकाळ चढताना फाउंडेशनची खरी कसोटी लागते. म्हणून ही तपासणी यात्रेपूर्वीच करावी.

झीज ओळखण्याच्या खुणा

इंजिन सुरू करताना वा बंद करताना जोराचा झटका बसणे, नुसत्या सुरू इंजिनावर स्टिअरिंग व गिअरचा दांडा थरथरणे, क्लच सोडताना खालून 'धप्प' असा आवाज येणे या तीन प्रमुख खुणा. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात पाहिल्यास रबराला पडलेल्या भेगा, लोखंडापासून सुटलेली कडा किंवा एका बाजूला खचलेले इंजिन दिसते. रबर फुगून मऊ झाले असेल, तर वरून इंजिन ऑइल किंवा डिझेल ठिबकत आहे, असे समजावे. ती गळती आधी थांबवली नाही, तर नवे रबरही त्याच वाटेने जाईल. उन्हाळ्यात कलबुर्गी परिसराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्यात इंजिनाच्या उष्णतेची भर पडली, की रबर लवकर कडक होऊन तडकते.

खात्री करण्यासाठी दोन माणसांची चाचणी उपयोगी पडते. गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करावी. चालकाने हॅण्डब्रेक ओढून, पायब्रेक घट्ट दाबून पहिला गिअर टाकावा आणि क्लच किंचित सोडावा. मग रिव्हर्स गिअरमध्ये तेच करावे. दुसऱ्याने गाडीच्या बाजूला उभे राहून इंजिन किती उचलले जाते, ते पाहावे. त्याने गाडीसमोर किंवा मागे कदापि उभे राहू नये.

जागा आणि तयारी

काळ्या मातीवर हे काम करू नये. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि ओलाव्यात जॅक गिळते. काँक्रीटची जागा सर्वोत्तम. या भागातील अंगणांत याच जिल्ह्यातली शहाबादी फरशी आढळते; पण खाली पोकळी असलेली फरशी जॅकच्या टोकदार भाराने फुटू शकते. तिच्यावर आधी जाड, रुंद फळी ठेवावी.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि बॅटरीची ऋण तार काढावी. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच असल्यास चाके जमिनीवरच राहू द्यावीत. ती उचलावीच लागली, तर चासीखाली मजबूत स्टँड लावल्याशिवाय अंगाचा कोणताही भाग खाली नेऊ नये. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ.

बदलण्याचा क्रम

प्रथम नवे फाउंडेशन जुन्याशेजारी धरून भोकांचे अंतर, उंची आणि बाणाची खूण जुळते का, ते पाहावे. गंजलेल्या बोल्टांवर गंजतेल आदल्या दिवशीच सोडावे.

त्यानंतर इंजिनाला आधार द्यावा. ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा असल्यास मध्ये रुंद लाकडी फळी हवीच. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर तो तडकू शकतो. तेथे जॅक न लावता पुस्तिकेत दाखवलेली जागा वापरावी किंवा इंजिन वरून साखळी-कप्पीने धरावे. डिझेल इंजिन व गिअरबॉक्स मिळून दोनशे किलोंहून अधिक वजन भरते, याचे भान ठेवावे.

एका वेळी एकच बाजू काढावी. दुसऱ्या बाजूचा बोल्ट थोडा सैल करावा, पण काढू नये. बोल्टवरचा भार उतरेल इतकेच इंजिन हळूहळू उचलावे आणि उचलताना पंखा, होज पाइप, अर्थची पट्टी व सायलेन्सर यांवर सतत लक्ष ठेवावे. काही ताणले जात असल्यास तेथेच थांबावे. जुने फाउंडेशन काढून नवे बसवताना भोके जुळवण्यासाठी बोट घालू नये. पेचकस किंवा सळई वापरावी. सर्व बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून घ्यावेत. इंजिनाचे वजन रबरावर नीट बसल्यानंतरच ते पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्ह्याने आवळावेत. पान्ह्याला लांब पाइप लावून अंदाजाने आवळल्यास आटे जातात किंवा बोल्ट ताणून निकामी होतो.

दोन्ही बाजू झाल्यावर गिअरबॉक्सखालचे फाउंडेशन तपासावे. शक्य असल्यास तिन्ही एकाच वेळी बदलावीत. एकच नवे बसवले, तर खचलेल्या जुन्या रबरांमुळे इंजिन कललेलेच राहते आणि नव्यावर अवाजवी ताण येतो. टायरचे तुकडे घालून किंवा तारेने बांधून वेळ मारून नेण्याचा उपाय टाळावा. त्याने हादरा चासीवर जातो आणि ब्रॅकेटला तडे पडतात.

कोठे थांबावे

ब्रॅकेटला किंवा चासीला तडा दिसला, बोल्ट आतच तुटला किंवा फाउंडेशन द्रव भरलेले निघाले आणि त्याचा अचूक जोड उपलब्ध नसला, तर काम गॅरेजकडे सोपवावे. सर्वच लहान मालवाहू गाड्यांची रचना सारखी नसते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एसचे दोन सिलिंडरांचे इंजिन चालकाच्या आसनाखाली होते. वर सांगितलेला क्रम तशा गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही.

काम संपल्यावर बॅटरी जोडून इंजिन सुरू करावे, दोन माणसांची चाचणी पुन्हा घ्यावी आणि अवजारे मोजून पाहावीत. पहिल्या काहीशे किलोमीटरांनंतर बोल्टांचा आवळ पुन्हा तपासावा. भरलेली गाडी घाटात किंवा शेताच्या चढावर नेण्याआधी ही फेरतपासणी झालेली असावी.