सर्जरीनंतर वजन परत वाढलं? लाजू नका, आधी हा इतिहास वाचा



मागच्या महिन्यात आमच्या भंडाऱ्याच्या ओपीडीत एक ताई आल्या. चार वर्षांपूर्वी नागपूरला त्यांची वजन कमी करण्याची सर्जरी झाली होती. वजन ११२ किलोवरून ७४ वर आलं, शुगरच्या गोळ्या सुटल्या. त्यानंतर दोन वर्षं त्या तपासणीला आल्याच नाहीत. आता वजन ८९, उपाशीपोटीची शुगर १६८ आणि पायांना मुंग्या. "इतके दिवस का नाही आलात?" असं विचारलं, तर खाली बघत म्हणाल्या, "लाज वाटे जी. एवढा पैसा लावला अन् मीच बेकार निघाली."

असं म्हणणाऱ्या त्या एकट्या नाहीत. २०११ मध्ये नागपूरच्या नितीन गडकरींनी मुंबईत अशी सर्जरी करून घेतली, तेव्हा आपल्या भागात घरोघरी तिची चर्चा झाली. पण सर्जरीनंतर काही वर्षांनी थोडं वजन परत येतं, यावर कोणी फारसं बोलत नाही. म्हणून आज जरा मागे जाऊ या.

शरीर वजन का धरून ठेवतं?

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वखुशीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांचं वजन जवळपास चौथ्या हिश्शाने उतरलं. जेवण पुन्हा सुरू झाल्यावर मात्र पोट भरलं तरी भूक भागेना, आणि अनेकांच्या अंगावर आधीपेक्षा जास्त चरबी चढली. ही धडधाकट, शिस्तीची मुलं होती. वजन घटलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं आणि भरपाई करायला धावतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

सर्जरी कशी बदलत गेली?

१९५४ मध्ये त्याच विद्यापीठातल्या क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया मांडली. वजन उतरे, पण जुलाब, मुतखडे, लिव्हर खराब होणं असे त्रास मागे लागत. पुढे ती पद्धत सोडून द्यावी लागली.

आयोवाचे डॉ. एडवर्ड मेसन यांनी वेगळी गोष्ट टिपली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण पुढे बारीकच राहत. त्यावरून १९६६ मध्ये त्यांनी गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. जठराची पिशवी मोठी ठेवली तर वजन पुरेसं उतरत नाही, हे दिसल्यावर ती लहान करत नेली. १९८० च्या सुमारास त्यांनी आतडं न वगळता फक्त जठर अरुंद करून पाहिलं. पण मऊ, गोड आणि पातळ पदार्थ त्या अरुंद वाटेतूनही सहज उतरत आणि वजन परत येई. आज सर्रास होणारी स्लीव्ह सर्जरी तर सुरुवातीला फार जाड रुग्णांसाठी मोठ्या ऑपरेशनची पहिली पायरी होती. पुष्कळांना तेवढीच पुरली, म्हणून ती स्वतंत्र झाली.

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे, हे कळायला १९९९ उजाडलं. जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरात तयार होणारं भुकेचं हार्मोन, घ्रेलिन, शोधलं. २००२ च्या एका अभ्यासात दिसलं की डाएटने वजन उतरलं की हे हार्मोन वाढतं, आणि बायपासनंतर ते कमी राहतं. म्हणजे सर्जरी भुकेवरही काम करते. पण शरीराची जुनी ओढ ती पूर्ण पुसत नाही.

किती वजन परत येतं?

स्वीडनमध्ये १९८७ पासून सर्जरी झालेल्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ते २५ टक्के कमी होतं. म्हणजे १०० किलोचा माणूस ६८ वर आला आणि पुढे ७५ वर स्थिरावला. थोडं वजन परत येणं हे ठरलेलंच. तरीही सर्जरी केलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा कमी राहिलं.

आमच्या ताईंचे उतरलेल्या ३८ पैकी १५ किलो परत आले होते. हे जरा जास्त आहे, म्हणून कारण शोधायला हवं होतं. बोलता बोलता कळलं की जेवण थोडंच, पण दिवसातून पाच वेळा गोड चहा, सोबत बिस्किट नाहीतर चिवडा, आणि जेवणात पातळ वरण-भात. मेसन यांच्या रुग्णांचीच वाट! मुंग्यांचं कारण बी-१२ ची कमतरता निघालं. सर्जरीनंतरच्या गोळ्या त्यांनी कधीच बंद केल्या होत्या. आणखी उशीर झाला असता, तर नसांचं नुकसान कायमचं राहिलं असतं.

मग तुम्ही काय करायचं?

• "पाच दिवस फक्त पातळ प्या, पिशवी पुन्हा लहान होईल" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तसं होत नाही. शुगरची औषधं चालू असतील तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका आहे.
• ताटातलं प्रोटीन आधी खा: घट्ट वरण, उसळ, अंडी, दही, पनीर, मासोळी. भात शेवटी आणि थोडा. पाणी जेवताना नको, अर्ध्या तासाने प्या.
• गोड चहा, शरबत, दारू आणि येता-जाता तोंडात टाकणं, हे आठवडाभर वहीत लिहा. कारण बहुधा तिथेच सापडतं.
• रोज चाला, आणि स्नायू टिकवणारा व्यायामही करा.
• शुगर, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं वजन वाढवतात. ती मनाने बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.
• एवढं करूनही वजन वाढत राहिलं तर सर्जनकडून जठराची तपासणी करून घ्या. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइडसारखी इंजेक्शनं २०२५ पासून वजनासाठी भारतातही मिळू लागली आहेत, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. दुसरी सर्जरी हा शेवटचा पर्याय.

एक कबुली देतो. पूर्वी असे रुग्ण आले की मीही "तोंडावर ताबा ठेवा" म्हणून रागवायचो. रागावलेला रुग्ण परत येत नाही, हे मला उशिरा कळलं. बी.पी.ची गोळी चालू असताना बी.पी. वाढलं, तर तुम्ही लाजत नाही, तपासायला येता. वजनाचंही तसंच आहे.

तेव्हा काटा पुन्हा वर सरकू लागला, की दोन वर्षं थांबू नका. तीन-चार किलो वाढले की लगेच या. तेवढं उतरवणं पंधरा किलोंपेक्षा पुष्कळ सोपं असतं.

काळजी घ्या.